थंडीचा उसना वेग

बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या एका पोरानं विचारलंय. वय २४. तीन वर्षं भरतीसाठी पळाला, १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत यायचा. पण दरवेळी कुठंतरी अडलं आणि शेवटी वयाची अट उलटून गेली. पळणं मात्र सुटलं नाही. दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात: गेल्या डिसेंबरात कोल्हापूरला १ तास ५२ मिनिटं, त्यानंतर गोव्यात २ तास ४ मिनिटं. आता जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईला पूर्ण ४२ किलोमीटरला नाव घातलंय आणि चार तासांच्या आत यायचंय. हातात आठ आठवडे आहेत. अडचण अशी, की पहाटे साडेचारला बाहेर पडलं की पहिले तीन किलोमीटर पाय उघडतच नाहीत. पळून थांबलं की दहा-पंधरा मिनिटं कोरडा खोकला येतो, छाती आवळल्यासारखी वाटते. आई म्हणते, होळी होऊन जाऊ दे, मग पळ. जिममधला मित्र म्हणतो, जर्किन घालून पळ, घाम निघू दे. "बाई, कुणाचं ऐकू?"

आत्ता दोघांचंही ऐकू नकोस. पण दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे, त्याकडे मी शेवटी येते.

आधी छाती. पळून थांबल्यावर येणारा कोरडा खोकला थंडीत पुष्कळांना येतो. आपण जोरात पळतो तेव्हा नाकाचं काम तोंड करायला लागतं. नाक हवा गरम करून, ओली करून आत सोडतं, तोंडाला ते तितकं जमत नाही. कोरडी गार हवा मिनिटाला ढिगानं आत गेली की श्वासनळीचं अस्तर सुकतं आणि नळ्या आकसतात. म्हणूनच खोकला पळताना कमी आणि थांबल्यावर जास्त. बहुतेक वेळा हे इतकंच असतं. तरीही मी इथं बसून "काही नाही, होईल कमी" असं म्हणणार नाही. श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येत असेल तर तो दमा असू शकतो. त्यावर औषध आहे, आणि ते घेऊन पळणारे मोठमोठे खेळाडू आहेत. आणि छातीतलं आवळणं पळताना, चढावर वाढत असेल, हातात किंवा जबड्यात जात असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला असेल, तर आधी ईसीजी, मग बूट. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखव. पुढचं सगळं त्यांनी हो म्हटल्यावरचं आहे.

आता खरं बोलायचंय ते वेगाबद्दल. तुला ते विचारावंसंही वाटलं नाही, पण उत्तर तुझ्याच लिहिण्यात आहे. कोल्हापूरला १:५२, गोव्यात २:०४. तेच पाय, तेच अंतर, आणि बारा मिनिटांचा फरक. तू लिहिलंयस, "गोव्यात आदल्या रात्री झोप झाली नव्हती म्हणून." झोपेनं दोन-तीन मिनिटं जातील रे, बारा नाही जात. बाकीची दमट हवेनं खाल्ली.

पळताना शरीर जेवढी शक्ती जाळतं त्यातली साधारण पाऊण भाग नुसती उष्णता होते. ती बाहेर टाकायची म्हणजे रक्त कातडीपर्यंत न्यायचं आणि घाम काढायचा. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे बारा-चौदा अंश असतं, कधी दहाच्या आसपास. अशा हवेत उष्णता आपोआप निघून जाते, रक्त पायांना उरतं, नाडी खाली राहते. माणसाला वाटतं, आपण तयार झालो. मुंबईत शर्यत पहाटे पाचच्या सुमाराला सुटते तेव्हा बरं वाटतं, पण चार-साडेचार तास पळणाऱ्याला नऊ-साडेनऊपर्यंत उन्हात राहायचं असतं आणि हवा दमट. घाम नुसता गळतो, सुकत नाही, आणि न सुकलेला घाम शरीराला गार करत नाही. मग हृदयानं कातडीला रक्त द्यायचं की पायांना? दोन्हीकडे देता देता त्याच वेगाला नाडी दहा ठोके वर जाते. बेळगावच्या थंडीत मिळालेला वेग असा उसना असतो. मुंबईत तो परत द्यावा लागतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या पहिल्या मुंबईच्या वेळी अख्खा डिसेंबर मी बेळगावच्या कॅम्पातल्या झाडांखालून साडेपाचच्या पेसनं, म्हणजे किलोमीटरला साडेपाच मिनिटं, पळाले होते, गप्पा मारत. तोच पेस धरून मुंबईत सुटले. अठ्ठावीस किलोमीटरपर्यंत मी राणी होते. तेहतीसला टी-शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला, बोटं सुजलेली, आणि पुढं पेडर रोडच्या चढावर मी चालत होते. कडेला उभ्या एका आजींनी संत्र्याची फोड आणि चिमूटभर मीठ हातावर ठेवलं, "चल बेटा" म्हणाल्या. ठरवलेल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा पोचले. शाळेत पी. टी. शिकवणाऱ्या बाईंची ही गत, त्यामुळे बरेच दिवस कुणाला टायमिंग सांगितलं नव्हतं.

तर हिशोब कर. चार तास म्हणजे किलोमीटरला ५:४१. गोव्यात तू निम्म्याच अंतराला ५:५३ नं आलास. म्हणजे गोव्यासारख्या हवेत, दुप्पट अंतर, त्याहून जोरात पळायचं म्हणतोयस. माझं ऐकशील तर ६:१० धर, ४ तास २० मिनिटं होतील. तिसाव्या किलोमीटरला अंगात जोर असला तर पुढं काढ की, कोण अडवतंय?

भरतीच्या पोरांना हे पचत नाही. सगळी सवय जीव तोडून पाच मिनिटं पळायची. रोज सकाळी मैदानावर पळताना स्वतःशीच स्पर्धा, कालच्यापेक्षा आज दोन सेकंद कमी. त्यांना मी आपल्या बेळगावच्या फडेप्पा चौगुलेंचं सांगते. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन पळाले, १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. त्या वर्षी अंतर ४२.७५ किलोमीटर होतं, म्हणजे आजच्यापेक्षा जास्तच. भागाकार केलास तर किलोमीटरला जेमतेम चार मिनिटं येतात. आणि १६०० मीटर साडेपाच मिनिटांत म्हणजे किलोमीटरला ३:२६. तुझा भरतीचा वेग ऑलिंपिकवीरापेक्षा जास्त आहे बघ! फक्त त्यांनी त्यांचा वेग जवळजवळ तीन तास टिकवला.

म्हणून डिसेंबरात लाँग रन, म्हणजे रविवारचं लांब पळणं, घड्याळ बघून करू नकोस. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढीच खूण. सोबत कुणी नसेल तर मोठ्यानं अभंग म्हण, मी म्हणते. ओळ मध्ये तुटली तर वेग जास्त आहे. तुझ्यासाठी हे ६:४५ च्या आसपास येईल आणि थंडीत ते फार हळू वाटेल, लाज वाटेल. वाटू दे. आठवड्यातून एकदा मात्र जोर काढ: दहा मिनिटं सलग दमदार, तीन मिनिटं हळू, असं तीनदा. बाकी दोन दिवस साधं तासभर. सगळ्यात लांब, ३२ किलोमीटरचा रन डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, त्यानंतर उतरण, म्हणजे अंतर कमी करत जायचं. जानेवारीत घाबरून पुन्हा तीस मारू नकोस. दरवर्षी दोघं-चौघं तसं करतात आणि मुंबईला गुडघ्याला पट्टी बांधून जातात.

पाय उघडत नाहीत म्हणतोस, त्याचा उपाय घरातच आहे. गारठ्यात शिरा-स्नायू ताठ असतात, रक्त आतल्या बाजूला गेलेलं असतं, आणि तू अंथरुणातून उठून पाच मिनिटांत रस्त्यावर. बाहेर पडायच्या आधी पडवीत वीस-पंचवीस बैठका, सहा सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या, आवडेल ते. अंगाला जरा ऊब आली की दार उघडायचं. ताणून धरायचे व्यायाम आधी नकोत, ते पळून आल्यावर. मग दहा मिनिटं अगदी आजोबांसारखं पळायचं आणि नंतर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे चार-पाच झटके जोरात, मध्ये चालणं. या झटक्यांचा दुसरा फायदा खोकल्याला होतो. नळ्या आधी थोड्या चाळवल्या गेल्या की पुढं बराच वेळ त्या तितक्या आकसत नाहीत. आणि पहिले दोन किलोमीटर पातळ पंचा नाका-तोंडावरून बांध. आपलाच ओलसर गरम श्वास परत आत येतो. चेष्टा करणारे करतील, माझ्या बॅचला सगळे "दरोडेखोर आले" म्हणायचे.

कपड्यांचं एकच लक्षात ठेव: बाहेर आहे त्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त आहे असं समजून घाल. दारात उभं राहिल्यावर हुडहुडी भरली पाहिजे. दारातच ऊब वाटली तर तिसऱ्या किलोमीटरला तुला उकडणार. सुती बनियन घामानं ओलं होतं आणि ओलंच राहतं, त्यापेक्षा बाजारात मिळणारा साधा ड्राय-फिट टी-शर्ट बरा, त्यावर चेन उघडता येईल असं पातळ काहीतरी. हातमोजे आणि कान झाकणारी पट्टी यांना मी जर्किनपेक्षा जास्त मान देते. बोटं आणि कान गार पडले की माणूस घरी परततो, पाठ गार पडून कुणी परतत नाही.

आणि हे नीट वाच, कारण आमच्याकडे पोरं आजारी पडतात ती बहुतेक यानंच. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर किंवा कॅम्पात मोटरसायकलनं यायचं, दोन तास पळायचं, मग घामेजल्या कपड्यांवर तसंच गाडीला किक मारून पंधरा किलोमीटर वाऱ्यात घरी जायचं. पळणं थांबलं की शरीराची भट्टी विझते, अंगावर ओलं कापड, आणि समोरून साठच्या स्पीडचा वारा. रस्त्यावर दोन तासांत झाली नाही एवढी हानी त्या पंधरा मिनिटांत होते. पिशवीत कोरडं बनियन, टॉवेल, स्वेटर ठेव. थांबल्याबरोबर, गप्पांच्या आधी, अंग पुसून बदल. चहा नंतर.

तहानेचं थंडीत फसतं. लागतच नाही. वरून लघवीला जास्त होतं, आणि श्वासाबरोबर जाणारी वाफ तर डोळ्यांना दिसते, तरी ती पाणीच आहे हे लक्षात येत नाही. एका रविवारी पळायच्या आधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन कर. मध्ये प्यायलेलं पाणी त्यात धरलं की एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम. आकडा बघून चकित होशील. लाँग रनला बाटलीत कोमट पाणी, त्यात लिंबू, मीठ, गूळ, आणि थोडं थोडं पी. पण कुणी म्हणालं म्हणून लिटरामागून लिटर ओतू नकोस. वजन पळताना वाढलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेततं.

साडेचारला बाहेर पडायचा हट्ट सोड. भरतीच्या काळात ते शौर्य वाटायचं, कबूल. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. तोवर भाताच्या खाचरांवर धुकं, आणि त्या धुक्याच्या पोटात गावोगावच्या शेकोट्यांचा, जाळलेल्या पाचटाचा धूर अडकून बसलेला. गार हवा खाली, उबदार हवा वर, धुराला वाटच नसते. निपाणी-चिकोडीकडचे पळणारे गुऱ्हाळांच्या दिवसांत मला हेच सांगतात. तुझ्या खोकल्यातला काही वाटा त्या धुराचाही असेल. शिवाय गाळपाचा हंगाम. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, आणि त्याला ओव्हरटेक करणारा टेम्पो. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरची वाहनं दिसतील असं पळ, अंगावर चमकपट्टी घाल. जंगलाच्या बाजूला राहत असशील तर अंधारात एकटा अजिबात नको. गवा धुक्यात दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही, आणि अस्वलाची गाठ तर नकोच. साडेसहाला बाहेर पड, फटफटेल तोवर वॉर्म-अप होतो.

लाँग रनसाठी मला जांबोटी रस्ता आवडतो, किणयेच्या पुढं झाडी आणि हलके चढउतार. रविवारी मात्र सहलीच्या गाड्या नऊनंतर सुरू होतात, त्याआधी आटप. सोबत हवी असेल तर हिंडलग्यावरून वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीपर्यंत जाणारे गट भेटतात. तिकडं पोरांची एक गंमत असते, शिनोळीला हद्द ओलांडून महाराष्ट्रात पाय लावायचा आणि परत फिरायचं. सीमाप्रश्न रोज सकाळी आम्ही असा सोडवतो. चढासाठी महिन्यातून दोनदा राजहंसगड. वरपर्यंतचा रस्ता दम काढतो, पण त्यापेक्षा उतरताना मांड्यांना जे शिकायला मिळतं ते सपाटीवर मिळत नाही. उतरताना लांब ढांगा टाकू नकोस.

आता जिममधल्या मित्राचं. जर्किन घालून घाम काढल्यानं चरबी जात नाही, पाणी जातं, आणि नळाखाली तोंड लावलं की ते परत येतं. आत्ता डिसेंबरात त्याचा उपयोग शून्य. पण शर्यतीच्या आधीचे शेवटचे दहा-पंधरा दिवस गोष्ट वेगळी. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. आपल्याकडे जानेवारीत पहाट गार असली तरी दुपारी पारा एकोणतीस-तीसला जातोच. तेव्हा जानेवारीच्या पहिल्या रविवारनंतर दिवसाआड, सोपा, पाऊण तासाचा रन सकाळी साडेदहा-अकराला कर. कामामुळे जमत नसेल तर संध्याकाळी एक जादा शर्ट घालून हळू पळ. जोरात अजिबात नाही, आणि चक्कर आली की तिथंच थांब. शर्यतीच्या चार दिवस आधी हे बंद. मित्राला सांग, सल्ला बरोबर होता, महिना चुकला.

एकदा तरी, तुझ्या बत्तीसच्या रनला, मुंबईसारखंच कर: तीनला ऊठ, साडेतीनला खा, पाचला सूट. त्या दिवशी मात्र सोबत घेऊन, गावातल्या दिव्यांच्या रस्त्यावर, फेऱ्या मारत. पोटाला पहाटे तीनला काय चालतं हे शर्यतीच्या दिवशी शोधायचं नसतं. माझ्या बॅचमधल्या मुलींना उकडलेली रताळी आणि गूळ चालतो, आपल्या पश्चिम भागातली रताळी त्याला उत्तम. नाचणीची आंबील थंडीत गोड लागते, पण पळायच्या आधी ताक घातलेली नको, वाटेत आठवण करून देते. पळताना तासाला तीस ते साठ ग्रॅम साखरेच्या जातीचं काहीतरी पोटात जायला हवं. एक मध्यम केळं म्हणजे पंचवीसेक ग्रॅम, यावरून हिशोब लाव. पळताना खायचं एनर्जी जेल, म्हणजे पाकिटातला साखरेचा घट्ट पाक, घेणार असशील तर तेही आधी दोन लाँग रनला घेऊन बघ.

मुंबईला शुक्रवारीच पोच. छातीवर लावायचा नंबर शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधी जाऊन घ्यावा लागतो. शनिवारी रात्रभर बसमध्ये पाय दुमडून पोचून रविवारी पळालेले मी पाहिलेत, पळालेले कमी आणि लंगडलेले जास्त.

राहिली आई. थंडीत छाती जपावी हे त्यांचं बरोबरच आहे, तो पंचा आणि कोरडं बनियन त्यांच्या हातात दे, त्या विसरू देणार नाहीत. संक्रांत शर्यतीच्या आसपासच येते. भात, भाकरी, गूळ हवा तेवढा खा, त्या दिवसांत अंगात साठवायचंच असतं. शेंगांच्या पोळ्या संक्रांतीला दोन खा, तुपासकट. शुक्रवारपासून मात्र डबा त्यांच्याकडेच राहू दे. शेंगा पोटात बसतात जड, आणि पेडर रोडला त्या तुझ्याबरोबर चढ चढतील.